हंसूच्या पोटदुखीची वही

समुपदेशक मॅडमच्या खोलीबाहेर एक लांब निळा बाक आहे. हाडांच्या डॉक्टरांबाहेर बसलेली माणसं लगेच एकमेकांना विचारतात, कुठं मोडलं, कसे पडलात. या बाकावर कोणी काही विचारत नाही. आईबाप आपापल्या मुलाच्या डोक्यावरून बघत बसतात. मी आणि माझी बायको शोभा तिथं सात महिने, दर पंधरा दिवसांनी बसलो आणि शेजारच्या कुणाशी बोललो नाही. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते इथं लिहितो.

माझं शिक्षण म्हैसूरजवळच्या कृष्णराजनगरात, कन्नड शाळेत झालं. मराठी आमच्या घरची, तीही निम्मी कन्नड मिसळलेली. लिहिताना चुका झाल्या तर सांभाळून घ्या. दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करण्यात मी बरीच वर्षं घालवली आहेत, आणि हे लिखाण त्याबद्दलच आहे.

पोट

आमची मुलगी हंसिनी, घरात हंसू. चौथीत गेली तेव्हापासून तिचं पोट दुखायला लागलं. सुरुवातीला आम्ही बाहेरचं खाणं बंद केलं. मग दूध बंद केलं, मग सुरू केलं. माझी आई, जिला मी अव्वा म्हणतो आणि हंसू अज्जी, ओवा चावायला द्यायची. दुखणं यायचं, जायचं. मग सकाळी शाळेच्या वेळी उलट्या सुरू झाल्या.

आणखी काही गोष्टी होत्या, ज्या आम्ही आजार म्हणून धरल्या नव्हत्या. फ्रॉकची कॉलर ती चावून चावून ओली करायची. नखांच्या कडेची कातडी सोलायची. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. आणि प्रत्येक गोष्टीनंतर विचारायची, "बरोबर ना?" पाण्याचा पेला आणून दिला तरी, "बरोबर ना?" मला वाटायचं, मुलगी काळजीपूर्वक वागते. मी एका मित्राला हे कौतुकानं सांगितल्याचं आठवतं.

एकदा सलग तीन दिवस तिच्या पोटात काही ठरेना. चौथ्या सकाळी ती उभी राहिली आणि भिंत धरून खाली बसली. आम्ही तिला हॉस्पिटलात नेलं. त्यांनी दाखल करून घेतलं.

दोन दिवस वॉर्डात

मुलांच्या वॉर्डात दिवस फार लवकर सुरू होतो. साडेपाचला ताप बघायला सिस्टर येते. सातला दूध आणि ब्रेड. दहाला डॉक्टरांची फेरी, त्याआधी सगळ्या चादरी सरळ. मधल्या वेळात घड्याळ हलत नाही. सलाइनच्या थेंबांकडे बघत मी मनात सगळ्या भयंकर आजारांची नावं घेतली. बी.एस्सी.ला शिकलेलं थोडंफार आठवत होतं, आणि अर्धवट माहितीनं भीती दुप्पट होते. शोभा हंसूचे तळवे चोळत बसली होती.

त्या वॉर्डात सिद्दम्मा नावाची आया होती, जाडजूड, कपाळभर कुंकू. दुपारी ती धुतलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन आली, हंसूच्या पलंगाच्या कडेला बसली आणि काही न विचारता एका चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली. सलाइन काढलेलं होतं. दोघी घड्या घालायला लागल्या. टोकाला टोक, मग जवळ यायचं, मग पुन्हा लांब. नाव काय, कितवीत, मोठेपणी कोण होणार, असं काहीही सिद्दम्मानं विचारलं नाही. अर्धा तास झाला असेल. घड्या वाकड्या होत होत्या आणि ती तशाच रचत होती. त्या अर्ध्या तासात हंसूनं एकदाही "बरोबर ना?" विचारलं नाही. मला ते जाणवलं, पण त्याचं काय करायचं ते कळलं नाही.

रिपोर्ट चांगले आले तो दिवस

सोनोग्राफी, रक्त, लघवी, सगळे रिपोर्ट चांगले आले. मुलांचे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि मला विचारलं, ही घरी कशी असते?

मी म्हणालो, "वर्गात दुसरी असते, सर."

डॉक्टर म्हणाले, "मी घरचं विचारलं."

मोठ्यानं शेवटची कधी हसली होती, हे त्यांनी विचारलं. शोभानं सांगितलं, गेल्या आठवड्यात, अज्जीच्या कवळीवरून. त्या वेळी मी कामावर होतो.

डॉक्टरांनी कन्नडमध्ये समजावलं ते असं: पोट खरंच दुखतं, ती नाटक करत नाही. घरात चोर शिरला की जीव जसा सावध होतो तसा हिचा जीव सावध आहे, फक्त चोर गेला तरी तो खाली बसत नाही. रोज तसंच. त्याचा ताण पोटावर येतो. कशाची भीती आहे ते शोधा, आणि ओरडून शोधू नका.

खरं सांगतो, मला आधी राग आला. काहीतरी सापडलं असतं तर औषध दिलं असतं. आजार नाही असा आजार मी नातेवाइकांना कसा सांगणार होतो? शोभाच्या आईचा फोन आला तेव्हा मी "पोटात इन्फेक्शन" म्हणून सांगितलं. शोभा पलीकडे तोंड करून उभी राहिली.

वही

डॉक्टरांनी ज्यांच्याकडे पाठवलं त्या समुपदेशक मॅडम माझ्यापेक्षा लहान असतील. पहिल्या भेटीत त्यांनी हंसूला एकच गोष्ट शिकवली. गरम बदाम दूध समोर आहे असं समजायचं, नाकानं वास घ्यायचा आणि साय फाटणार नाही इतकी हळू, लांब फुंकर घालायची. हंसूला ते आवडलं. आम्हाला त्यांनी काम दिलं: एक वही करा. पोट कधी दुखलं, किती वेळ, तेव्हा घरात काय चाललं होतं. चार आठवडे. कारण लिहू नका, फक्त काय झालं ते लिहा.

मी बेळगोळच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करतो. मालाचे नमुने तपासायचे, आकडे वहीत भरायचे. त्यामुळे हे काम मला जमलं. मी रकाने आखले. एक रकाना जास्तीचा केला: आज फुंकर किती वेळा घातली. घरी असलो की विचारून बरोबरची खूण करायचो. एकदा पाचऐवजी तीनच झाल्या म्हणून मी म्हटलं, असं कसं चालेल?

शोभा स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता श्वासाचीपण परीक्षा घ्या. नापास झाली तर काय, श्वास बंद?"

मी चिडलो. अव्वा हसली. हंसू हसली नाही, तिनं माझ्याकडे बघितलं आणि घाईघाईनं दोन फुंकरा घालून टाकल्या.

शिफ्टवर कोण होतं

आमच्या प्रयोगशाळेत एक रीत आहे. एखादा माल पुन्हा पुन्हा नापास व्हायला लागला की आधी यंत्राला दोष देत नाहीत. शिफ्टचा तक्ता मागवतात, नापास नमुन्यांच्या तारखा त्याच्या शेजारी ठेवतात आणि विचारतात, तेव्हा शिफ्टवर कोण होतं? हा प्रश्न मी अनेकांना विचारलेला आहे.

चार आठवडे झाल्यावर मी हंसूची वही डब्याच्या पिशवीतून कामावर नेली. जेवणाच्या सुट्टीत स्वच्छ नक्कल काढायची होती, मॅडमना दाखवायला. सवयीनं मी खिशातला शिफ्टचा तक्ता काढून शेजारी ठेवला.

एक आठवडा मला जनरल शिफ्ट असते आणि दुसरा आठवडा सेकंड. जनरल शिफ्टच्या आठवड्यात मी हंसूला सकाळी स्कूटरवरून शाळेत सोडतो आणि संध्याकाळी सहाला म्हैसुरात, विजयनगरच्या घरी परत येतो. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी मी उठायच्या आत ती व्हॅननं जाते, आणि रात्री मी येतो तेव्हा झोपलेली असते.

पहिला आठवडा, जनरल: सहा दिवसांत नऊ वेळा पोट दुखलं. दुसरा, सेकंड: एकदा, तेही लग्नात जेवून आल्यावर. तिसरा, जनरल: आठ वेळा, दोन उलट्या. चौथा, सेकंड: एकदाही नाही. पण त्या चौथ्या आठवड्याच्या रविवारी संध्याकाळी शोभाच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "साडेसहा. पोट धरून बसली. उद्यापासून ह्यांची जनरल."

शिफ्टवर मी होतो.

डबा तसाच बंद करून मी पिशवीत ठेवला. शेजारच्या सहकाऱ्यानं विचारलं, काय झालं सार, तब्येत? मी म्हटलं, काही नाही.

संध्याकाळी शोभाला विचारलं, तुला ठाऊक होतं का. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "दुसऱ्या आठवड्यातच कळलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तिलाच समोर उभी करून विचारलं असतं, मला घाबरतेस का म्हणून. मत्ते, मग ती काय बोलणार? नाही म्हणणार, आणि विचारणार, बरोबर ना?"

ती बरोबर होती. मी नेमकं तेच केलं असतं.

दहा प्रश्न

मी हंसूला कधी मारलं नाही. ओरडतही फारसा नाही. मी फक्त प्रश्न विचारायचो. स्कूटरवर मागे बसली की पाढे: सहाचा, सिग्नल लागला की थांबायचं, सिग्नल सुटला की पुढे. संध्याकाळी हातपाय धुतले की जेवणाआधी दहा प्रश्न. चुकलं की मी बरोबर उत्तर सांगायचो आणि तिच्याकडून तीनदा म्हणून घ्यायचो. मग जेवण.

हे मी शोधून काढलं नव्हतं. हा माझ्या वडिलांचा वारसा होता. आमच्या घराण्याचा धंदा कापड रंगवायचा. वडिलांच्या काळात तो संपत आला होता. ते जुन्या साड्यांना नवा रंग मारून द्यायचे आणि आठवडी बाजारात परकर, लुंग्या विकायचे. बोटं कायम निळी. सही सोडून त्यांना काही लिहिता येत नव्हतं. रोज संध्याकाळी ते ओट्यावर टेकून बसायचे आणि मला म्हणायचे, "म्हण." मी पाढे म्हणायचो, कविता म्हणायचो, नद्यांची नावं सांगायचो. ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "हां, पुढं." जेवण त्यानंतरच.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. माझी पदवी चौकटीत घालून दारासमोर लावलेली आहे. ती बघताना मला नेहमी तो ओटा आठवतो. वडील आता नाहीत. मला वाटायचं, त्यांनी मला जे दिलं ते मी हंसूला द्यायलाच हवं, आणि मी शिकलेला असल्यामुळे जास्त चांगलं देऊ शकेन.

वहीचं कळल्यावर दोन दिवसांनी मी अव्वाजवळ बसून हे बोललो. थोडा वाद घालायच्या सुरातच बोललो, की मलाही रोज विचारायचे, माझं पोट कधी दुखलं नाही.

अव्वा लसूण सोलत होती. ती म्हणाली, "अय्यो, ते कुठं विचारत होते तुला? त्यांना काय कळत होतं, बरोबर की चूक?"

मी म्हटलं, पाढे तरी येत असतील.

"तीनपर्यंत यायचे. बाजारात तेवढे पुरतात. तू एकदा कावेरीला हिमालयातनं काढलीस, मागच्या घरातल्या मास्तरणीला हसू आवरेना. हे म्हणाले, हां, पुढं." ती पाकळ्या गोळा करत थांबली. "दिवसभर उन्हात उभं राहून यायचे. तुझा आवाज ऐकला की पाठ दुखायची थांबते म्हणायचे. सुम्मने ऐकायचे रे ते. तू काय बोलतोस ते तुझं तुला."

सुम्मने म्हणजे उगाच, काही हेतू न ठेवता. म्हैसूरकडे हा शब्द दिवसातून शंभर वेळा कानावर पडतो.

माझ्या बालपणी सगळ्यात मोठा परीक्षक म्हणून मी ज्यांना मानलं, त्यांच्यापुढे मी एकदाही नापास होऊ शकत नव्हतो. हंसूसमोर मात्र रोज एक पदवीधर बसत होता, ज्याला प्रत्येक चूक ओळखता येत होती.

चुकलेले उपाय

दहा प्रश्न त्या दिवसापासून बंद केले. मला वाटलं, आठवडाभरात पोट थांबेल. थांबलं नाही. प्रश्न नसलेल्या संध्याकाळी ती जास्त अस्वस्थ असायची. आज नाही विचारले, म्हणजे उद्या वीस विचारणार, असं तिनं अज्जीला सांगितलं.

मग मी स्वतःच्या डोक्यानं एक उपाय केला. माझ्या स्कूटरचा आवाज ऐकून ती दचकते, हे वहीत होतं. म्हणून मी कोपऱ्यावरच इंजिन बंद करायचो आणि स्कूटर ढकलत घरापर्यंत आणायचो. शेजारी विचारायचे, पेट्रोल संपलं का सार, रोज कसं संपतं? तीन दिवसांनी शोभा म्हणाली, हंसू आता चार वाजल्यापासून खिडकीत बसून असते.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या हसू दाबत म्हणाल्या, "सार, गळ्यात घंटा नसलेल्या मांजराला उंदीर जास्त घाबरतो." मग नीट सांगितलं, की तिला आधी कळू द्या. रोज तेच, त्याच क्रमानं. सावध जिवाला शांत करायचं असेल तर पुढं काय होणार हे त्याला ठाऊक असावं लागतं.

तेव्हापासून मी कोपऱ्यावरच्या होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली दोनदा हॉर्न वाजवतो. मग घर. मग हातपाय. मग अज्जी आणि हंसू दोरीवरचे वाळलेले कपडे काढतात आणि मी ओट्याच्या पायरीवर बसतो. चादरी, साड्या त्या दोघी घड्या घालतात, सिद्दम्मासारख्या, टोकाला टोक. मी त्यात नसतो. पहिले काही आठवडे मला हात कुठं ठेवायचे तेही कळायचं नाही. जिभेवर प्रश्न यायचे. आज शाळेत काय शिकवलं, हादेखील प्रश्नच असतो, हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं. मग मी स्वतः गरम दुधावर फुंकर घालत बसायचो. वहीत त्याचा रकाना नव्हता.

सकाळी स्कूटरवर आम्ही गप्प जायचो. एक दिवस सिग्नलला मागून आवाज आला, "अप्पा, तो कुत्रा बघा, टेम्पोत पुढं बसलाय." मी म्हटलं, हो. एवढंच. शाळेत सोडून मी थोडं पुढं जाऊन स्कूटर बाजूला घेतली आणि डोळे पुसले.

रात्रीत काही बदललं नाही. दुसऱ्या महिन्यात उलट्या थांबल्या, चौथ्यात एकदा परत आल्या. परीक्षेच्या आठवड्यात पोट दुखतंच. वर्गात ती आता सातवी-आठवी असते आणि मला त्याचा त्रास होत नाही असं मी म्हणणार नाही. होतो. तो मी शोभाला सांगतो, ती म्हणते, साकु, पुरे झालं, आणि ताट वाढते. शोभाच्या आईला मी शेवटी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्या शोभालाही लहानपणी असंच व्हायचं, कुणाला सांगितलं नाही.

सातचा पाढा

गेल्या महिन्यातली गोष्ट. दोन हॉर्न वाजवून मी आलो, पायरीवर बसलो. घड्या संपल्या होत्या. हंसू आली, दोन हात लांब उभी राहिली आणि म्हणाली, "पाढा म्हणू?"

दहा प्रश्न बंद झाल्यापासून घरात कुणी पाढ्याचं नाव काढलं नव्हतं. मी म्हटलं, वाटलं तर म्हण.

तिनं सातचा सुरू केला. सात एके सात. हळूहळू, माझ्या तोंडाकडे बघत. सात साते एकोणपन्नास. मग म्हणाली, "सात आठे चौपन्न."

आणि थांबली. तिचा हात पोटाकडे गेलेला मला दिसला. शोभा दारात उभी होती. माझ्या जिभेवर छप्पन्न आलेलंच होतं, दातांच्या मागे. मी भिंतीला पाठ टेकली. डोळे मिटले. म्हटलं, "हां, पुढं."

मग सात नव्वे त्रेसष्ट, सात दाहे सत्तर. आवाज जवळ आलेला. पायरीवर माझ्या शेजारी बसून ती म्हणाली, "मधे एक चुकवलंवतं. मुद्दाम. तुम्हाला कळलंच नाही."

"नाही कळलं."

"छप्पन्न पाहिजे होतं." ती हसायला लागली. अज्जीच्या कवळीवर हसली होती तसंच असावं, मी ते तेव्हा ऐकलं नव्हतं. "उद्या तुम्ही म्हणा. मी ऐकते."

दुसऱ्या दिवशी हॉर्न, हातपाय, घड्या. मग तिनं मला पायरीवर बसवलं, स्वतः भिंतीला टेकली, डोळे मिटले आणि सतराचा पाढा म्हणायला सांगितला. एक काळ असा होता की मला तो उलटा यायचा. सतरा पाचे पंच्याऐंशी, सतरा सक एकशे दोन, आणि सतरा सातेला मी अडकलो. खरंच अडकलो. काहीतरी म्हणायचं म्हणून एकशे सोळा म्हटलं आणि कान गरम झाले.

हंसूला उत्तर ठाऊक होतं की नाही, मला अजून माहीत नाही. तिनं डोळे उघडले नाहीत. दोन्ही हात मांडीवर होते, पाय हलत होते.

"हां," ती म्हणाली, "पुढं."